पाना लागला तिथंच आधी बघा

मागच्या वर्षी ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर मी ट्रॅक्टरचे तिन्ही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढले, त्यांची नोझल म्हणजे फवारणारी टोकं तपासून आणली, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले आणि सगळं घरीच जोडलं. सेल्फ मारला, इंजिन चालू झालं, पण धड चालेना. मध्येच दबायचं, पुन्हा उसळायचं, बॉनेट थरथरायचं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. तिकडं रानातला वाफसा निघून चाललेला. अशा वेळी माणूस घाबरून डिझेल पंपाला हात घालतो. तेवढं करू नका. काल इंजिन नीट चालत होतं आणि आज चालत नाही, तर बिघाड बहुतेक वेळा काल जिथं पाना लागला तिथंच असतो. कागद घ्या, काय काय उघडलं ते लिहा आणि त्याच्या बाहेर जाऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढचं सगळं जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनासाठी आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीत जबर दाबानं डिझेल साठवणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत चालू इंजिनाचा पाईप कधीच ढिला करायचा नाही, तिथं दाब हजार बारच्याही वर जातो. आपल्या जुन्या इंजिनातही नोझलच्या तोंडाचं डिझेल कातडीत घुसतं. गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. डोळ्याला चष्मा हवाच.

फिल्टर बदलला असेल तर पहिला संशय हवेचा. हवा टाकीकडून पंपाकडं अशा क्रमानं काढायची. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हँड प्रायमर, म्हणजे हातानं दाबायची मूठ, मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार आली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. शेवटी इंजेक्टरवर येणाऱ्या डिझेल पाईपांचे नट ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

हवा काढल्यावर दहा मिनिटं चांगलं चाललं आणि पुन्हा मिसिंग (सिलिंडर मध्येच न जळणं) सुरू झालं, तर हवा कुठून तरी आत येतेय. टाकी ते फीड पंप ही ओढण्याची बाजू. इंजिन चालू असताना तिथं डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून सगळं कोरडं दिसतं आणि आपण फसतो. फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाईपचा तुकडा जोडून बघा, बुडबुडे पळताना दिसतील. पाईपच्या बोल्टचे जुने वायसर पुन्हा वापरले असतील तर ते आधी बदला. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तरी इंजिन दम तोडतं. झाकण ढिलं करून चालवून बघितलं की लगेच कळतं.

माझी हवा निघाली, तरी थरथर तशीच. मग कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायचं. इंजिन थंड असताना चालू करा आणि मिनिटभरात धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर पाण्याचा थेंब टाका. जिथं थेंब चर्र न करता ओघळतो, तो सिलिंडर जळत नाही. खात्रीसाठी आयडलिंगवर एकेका इंजेक्टरच्या डिझेल पाईपचा नट फडकं गुंडाळून अर्धा आटा ढिला करा. आवाज पडला तर तो सिलिंडर चालू आहे. आवाजात काहीच फरक नाही, तर चोर तोच. माझा दुसरा निघाला.

आता दुसऱ्याचा इंजेक्टर पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात घाला. बिघाड इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल, तिथंच राहिला तर नोझलचा दोष नाही. मला अदलाबदल करायची वेळच आली नाही. वाकून बघितलं तर दुसरा इंजेक्टर बाकी दोघांपेक्षा वायसरच्या जाडीइतका उंच. बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, भराभर फुगे, म्हणजे तिथून सिलिंडरचा दाब निसटत होता. काढून भोकात बॅटरी मारली. खाली काजळीनं काळी झालेली एक कडी, हेडचाच भाग वाटावी अशी. तारेच्या आकड्यानं ओढली आणि पुसली, तर तांबं चमकलं. जुना वायसर आतच राहिला होता आणि त्यावर मी नवा घातला होता. बैठक फडक्यानं पुसून एकच नवा वायसर घातला आणि इंजेक्टर धरून ठेवणारे दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली की इंजेक्टर तिरका बसतो.

पंप उतरवला असेल तर टायमिंगच्या खुणा जुळवा. टायमिंग मागं गेलं की डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर येतो आणि ताकद जाते, पुढं गेलं की कडक ठोका ऐकू येतो. टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) हात लावला असेल तर फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन पुस्तकातल्या मापानं पुन्हा बघा. गाळा (ती फट) कमी राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतं. काळा धूर असेल तर एअर फिल्टरचा पाईप कुठं दबला किंवा चोंदला नाही ना ते बघा. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर इंजिन बंद करा आणि मेस्त्रीला बोलवा, तो हेड गॅसकेटचा विषय आहे.

दुरुस्ती झाल्यावरही दोन दिवस ऑइलची कांडी रोज सकाळी काढून बघा. पातळी वाढली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर ते ऑइल घेऊन रानात जाऊ नका, बेअरिंग जातील. माझ्या कांडीवर पातळी होती तिथंच होती. त्या दुपारी पेरणी यंत्र जोडलं आणि अंधार पडेपर्यंत अडीच एकर पेरलं.