कौतुक तोलून कसं घ्यावं: घरून चटणी-भाकरी विकणाऱ्यांसाठी

शेंगा चटणीचा पहिला घास तोंडात गेला की सोलापुरात समोरचा हमखास म्हणतो, "एक नंबर झालीया की!" चटणी खरंच उत्तम असली तरी म्हणतो, मीठ जरा वर गेलं असलं तरी म्हणतो, आणि शेंगदाणा जुना असल्यामुळे ती पंधरा दिवसांत खवट होणार असली तरीही म्हणतो. यात लबाडी नाही. तुम्ही वाढलंय, प्रेमाने वाढलंय, त्याची ती पोच असते. घोटाळा होतो तो हीच पोच मालाची पावती समजून एकदम दहा किलो शेंगदाणे आणले की. म्हणून जिव्हाळा जिव्हाळ्याच्या जागी ठेवायचा आणि चटणीचा हिशोब वेगळा मांडायचा.

वही

एक साधी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: कोण बोललं, नेमके शब्द काय, केव्हा (खाण्याआधी, खाताना की डबा संपल्यावर), आणि पुढे त्या माणसाने काय केलं. तीन आठवडे रोज लिहा. लिहायचं ते त्याच दिवशी, कारण रात्र उलटली की ऐकलेलं वाक्य मनात आणखी गोड होतं; "बरी आहे"चं "फार छान" होतं.

खरं वजन चौथ्या रकान्यात असतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय चव आहे गं हाताला!" आणि पुढे काहीच झालं नाही, तर तिथे रेघ मारा. पुण्याला जाणारा एखादा मुलगा काहीच बोलला नाही, पण आठ दिवसांनी फोन करून अर्धा किलो मागवली, तर ती नोंद काकूंच्या नोंदीच्या वर. आणि कुणी तुमची चटणी विहीणबाईंकडे पाठवली असेल, तर त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढा. विहिणीकडे पाठवलेल्या डब्यात माणूस स्वतःची अब्रू घालत असतो. चटणी बिघडली तर बोल त्यालाच लागणार, हे ठाऊक असूनही त्याने पाठवली.

तीन आठवड्यांनी वहीत असं दिसेल की सगळ्यात मोठ्याने बोलणारे आणि पुन्हा मागणारे यांची नावं फारशी जुळत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, बोलणारी माणसं आपलीच आहेत. फक्त शेंगदाणे किती आणायचे हे दुसऱ्या यादीवरून ठरवा.

विचारायचं कसं

"कशी झालीय?" हा प्रश्न बंद करा. त्याला "मस्त" याशिवाय दुसरं उत्तर देण्याची सोय आपल्याकडे नाही. त्याऐवजी असं विचारा: "डब्यात किती उरलीय?" "आधी काय लागलं, तिखट की मीठ?" "कडक भाकरी मोडताना कट्कन मोडली का वाकली?" "पोरांनी खाल्ली का?" या प्रश्नांना शिष्टाचाराचं उत्तर देता येत नाही, बघून किंवा आठवूनच सांगावं लागतं.

केव्हा विचारता तेही महत्त्वाचं. चटणी कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटून वर येतं, त्यानेच तिला ती ओलसर चकाकी येते आणि पहिल्या दिवशी सगळे भुलतात. तेच तेल हवेला लागून पुढे खवट होतं. दाणे नीट भाजले नसतील, लसूण ओला राहिला असेल किंवा ओला चमचा बुडवला असेल, तर चटणी आणखी लवकर बिघडते. म्हणून प्रत्येक घाण्यातले तीन छोटे डबे बाजूला ठेवा आणि पहिल्या, पंधराव्या, तिसाव्या दिवशी वेगवेगळ्या माणसांना चाखायला द्या. विकण्याच्या दृष्टीने तिसऱ्या डब्याचं कौतुक तेवढं खरं. वाळवून टिकवायच्या कडक भाकरीचंही तसंच: तव्यावरून उतरलेली भाकरी सगळ्यांनाच आवडते, पावसाळी हवेत आठवडाभर राहिलेली कुणाला आवडली ते लिहा.

तीन वाट्यांची परीक्षा

महाग शेंगदाणा आणला, किंवा मिक्सर सोडून उखळात कुटायला लागलात, आणि लोक म्हणाले "आता काय भारी झालीया!" तर थांबा. एकसारख्या तीन वाट्या घ्या. दोनांत जुनी चटणी, एकात नवी. कोणती वेगळी ते ओळखायला सांगा. प्रत्येकासाठी वाट्यांचा क्रम बदला, मध्ये भाकरीचा कोरडा तुकडा आणि घोटभर पाणी द्या, आणि स्वतःचा चेहरा सांभाळा. बऱ्याचदा उत्तर तिथूनच वाचलं जातं. नुसत्या अंदाजाने तिनातला एक जण बरोबर सांगतोच, म्हणजे दहांत तीन-चार जण. दहांपैकी निदान सात जणांनी बरोबर ओळखलं, तरच फरक जाणवतोय असं धरा. त्याहून कमी जणांना कळला, तर ते कौतुक "नवीन" या शब्दाचं होतं. महाग दाण्याचा खर्च परत जुन्यावर आणायला हरकत नाही.

माप हलू देऊ नका

कौतुकाने होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. समजा तुमचं माप १ किलो भाजून सोललेल्या दाण्यांना ८० ग्रॅम तिखट, ६० ग्रॅम लसूण, १० ग्रॅम जिरं, २५ ग्रॅम मीठ असं आहे. तिखट खाणारे चौघे "झणझणीत, वा!" म्हणतात. पुढच्या घाण्यात हात सैल होतो, ९० होतं, मग १००. ज्यांना ते सोसत नाही ते तक्रार करत नाहीत, ते मुकाट्याने मागवणं थांबवतात. कौतुक कानावर येतं, निघून गेलेलं गिऱ्हाईक येत नाही. माप कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. बदल करायचाच तर एका वेळी एकच जिन्नस, १० ग्रॅमने, आणि वहीत तारीख घालून.

जाणकाराचं कौतुक

चादरीच्या दुकानात बसून बघा. नवखं गिऱ्हाईक वरची नक्षी बघून "सुंदर!" म्हणतं. जाणकार आधी चादर उलटी करतो. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेल्या सोलापुरी चादरीत एका बाजूला जो रंग नक्षीत असतो तो दुसऱ्या बाजूला जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागात, जातो. धागा कुठे सुटलाय का ते तिथे दिसतं. मग तो काठ चिमटीत धरतो, चादर हातावर तोलतो, आणि बहुतेकदा दोषच सांगतो: "काठ जरा ढिला आहे." असा माणूस शेवटी "घेतो" म्हणाला, की ते एक वाक्य शंभर "सुंदर"ना पुरतं. चटणीतही असा एक तरी माणूस शोधा. वर्षानुवर्षं घरात ही चटणी कुटणारी एखादी आजी बोटावर घेऊन चोळते, वास घेते, मग जिभेला लावते. तिने काही उणं काढलं तर वाद घालू नका, लिहून घ्या.

घेताना

कुणी कौतुक केलं की "छे, काही विशेष नाही" म्हणू नका. त्याने समोरच्याला तेच दुप्पट जोराने म्हणावं लागतं. "आवडली, बरं वाटलं" एवढं म्हणा आणि वरचा एखादा प्रश्न विचारा. बचत गटाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळालं तर आनंदाने घ्या, फोटो काढा. त्या आठवड्यात मात्र भाव वाढवू नका, नवा माल भरू नका. सोलापूर सिद्धरामेश्वरांचं गाव. त्यांच्याच काळातल्या बसवेश्वरांचं एक वचन आहे, की माझ्याच माणसांनी स्तुती करकरून मला सोन्याच्या सुळावर चढवलं. बाराव्या शतकातलं हे बोलणं सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आठवावं.

देताना

हाताखाली भाकरी शिकणारी मुलगी असेल तर तिला "हुशार आहेस" म्हणू नका. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं ती मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि एकदा अपयश आल्यावर जास्त ढेपाळली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. तेव्हा दिसलं तेच बोला: "आज कड सगळीकडे सारखी थापलीस, म्हणून मध्ये मऊ राहिली नाही." उद्या पुन्हा काय करायचं हे तिला त्यातूनच कळतं.

आता कौतुक आटतं तेव्हाचं. श्रावणात अनेक घरांत लसूण बंद असतो, काही ठिकाणी चातुर्मासभर. मागणी खाली येते, फोन येत नाहीत, आणि चव बिघडली की काय अशी शंका मन खायला लागते. उलट संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात, हुरड्याचे बेत असतात, चटणी हवीच असते. तेव्हाचं कौतुक हंगामाचंही असतं. श्रावणातलं पान जानेवारीच्या पानाशी लावून बघू नका. मागच्या वर्षीच्या श्रावणाचं पान काढा आणि दोन्ही चौथे रकाने शेजारी ठेवा.