थकलेलं बिल व्याजासह मागायचं, तर आधी हे कागद तयार ठेवा

सर्वात आधी उद्यम प्रमाणपत्र (सरकारकडच्या उद्योग नोंदणीचा दाखला) काढून त्यावरची तारीख पाहा. उशिरा मिळालेल्या पैशांवर व्याज मागण्याचा भक्कम आधार आहे २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा, आणि त्यातलं हे संरक्षण फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे. मध्यम उद्योगांना नाही. माल दिल्यानंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. नोंदणीच्या अटीचा प्रश्न २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे गेला आहे, पण त्या निकालाच्या भरवशावर राहू नका. नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. पहिली ऑर्डर घेण्याआधीच करून टाका. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम क्रमांक मिळतो, मात्र तो बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता, व्याजाच्या या संरक्षणासाठी नाही. बांधकामासारखी वर्क्स काँट्रॅक्टची (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या ठेक्याची) कामं या कायद्यात बसत नाहीत, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. अशा ठेकेदारांनी वर्क ऑर्डरमध्येच व्याजाचा दर लिहून घ्यावा. तो माफक ठेवा. अवाच्या सवा दंड न्यायालय कमी करतं.

पीओ (ग्राहकाची लेखी खरेदी ऑर्डर) हातात आली की पेमेंटची मुदत वाचा. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. मोठ्या कंपन्यांच्या पीओवर ‘९० दिवस’ छापलेलं असतं आणि पुरवठादार निमूटपणे तेवढे दिवस थांबतो. थांबायचं कारण नाही, कारण इथे कायदा कराराच्या वर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद: डिलिव्हरी चलन. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. हरकत घेतली, तर ती दूर केल्याचा दिवस. म्हणून चलनावर गेटचा शिक्का, सही, सही करणाऱ्याचं नाव आणि तारीख हे चारही हवेत. नुसता शिक्का असला की दोन महिन्यांनी ‘माल नापास होता’ असं उत्तर येतं, आणि माल नक्की कधी पोचला हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. सेवा दिली असेल तर काम पूर्ण झाल्याचा ईमेल पाठवून त्यावर ‘मिळालं’ एवढं तरी उत्तर मागा. बिलावर उद्यम क्रमांक, पीओ क्रमांक, चलन क्रमांक आणि देय तारीख छापा.

माल ३ जूनला पोचला आणि करार ६० दिवसांचा आहे असं धरा. कायद्याची मुदत १८ जुलैला संपते, १९ जुलैपासून व्याज सुरू. दर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट ५.५ टक्के असेल तर वर्षाला १६.५ टक्के, म्हणजे २ लाखांच्या बिलावर तीन महिन्यांचे सुमारे ८,३६४ रुपये. हा हिशेब एक्सेलमध्ये बिलागणिक वेगळा मांडा. व्याज प्रत्यक्ष हाती आलं की त्यावर जीएसटीही भरावा लागतो, हे विसरलं जातं.

मागणीपत्र लेटरहेडवर, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, पोच जपून ठेवा. त्यात ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी लिहा. मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी धरता येते. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुसरं, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. वकिलाच्या नोटिशीपेक्षा या दोन वाक्यांनी फाइल लवकर हलते.

तरीही पैसे आले नाहीत तर सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकीत बिलांचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) अर्ज ऑनलाइन करता येतो. ग्राहक चेन्नईचा असला तरी पुण्याच्या पुरवठादाराला आपल्याच भागातल्या परिषदेकडे जाता येतं. पीओ, चलन, बिल, लेजर, बँक स्टेटमेंट आणि व्याजाचा तक्ता एकाच क्रमाने लावलेले असू द्या. आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर दिला जाणारा बंधनकारक निवाडा. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर तो रद्द करून घ्यायला ग्राहकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

ग्राहकाने दिलेला चेक परत आला असेल तर त्याची वाट वेगळी: चेक न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. यातली एकही तारीख चुकवू नका. आणि जुनी येणी तीन वर्षांनी मुदतबाह्य होतात, म्हणून दर ३१ मार्चला ग्राहकाकडून बाकी मान्य असल्याचं पत्र सही-शिक्क्यासह घ्या. मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली की तीन वर्षं नव्याने मोजली जातात.