ऑटिझम आणि एडीएचडी : तपासणीचा व थेरपीचा खर्च कसा उभारावा

मुलाला ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) आहे का, हे ठरवण्याचा खर्च एकदाचा असतो. त्यानंतरच्या स्पीच थेरपीचा, ऑक्युपेशनल थेरपीचा आणि विशेष शिक्षकाचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो. तरीही अनेक कुटुंबे घाबरून पहिल्याच टप्प्यावर खासगी केंद्रात मोठी रक्कम घालवतात आणि नंतर त्यांना कळते की तो अहवाल सरकारी प्रमाणपत्रासाठी पुरेसा नाही. म्हणून महाराष्ट्रातील पालकांनी क्रम असा ठेवावा : आधी कमी खर्चात सर्वत्र ग्राह्य ठरेल असे निदान, मग दिव्यांगत्व प्रमाणपत्र, आणि त्याच्या आधारावर विमा, करसवलत व अनुदान.

निदानाची पहिली वाट म्हणजे २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत वाढीतील विलंब, ऑटिझम, अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी यांचा समावेश आहे. पथकाला शंका आल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिकडे, पाठवले जाते व तेथील सेवा विनामूल्य असते. पथक येण्याची वाट पाहणे मात्र आवश्यक नाही. मूल खासगी शाळेत असले तरी जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागाचा केसपेपर काढून वाढ व विकासाच्या तपासणीसाठी डीईआयसीकडे पाठवण्याची विनंती करता येते. गर्दी असते आणि काही ठिकाणी मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे असते, हे गृहीत धरूनच जावे.

मुंबई परिसरात पर्याय अधिक आहेत. सायन, केईएम आणि नायर या महापालिका रुग्णालयांखेरीज वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे नवी मुंबईतील प्रादेशिक केंद्र येथे मूल्यमापन व थेरपी खासगी दरांच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. वांद्र्याच्या संस्थेत शून्य ते सहा वयोगटासाठी २०२१ पासून शीघ्र हस्तक्षेप केंद्रही आहे. वय मोठे असेल तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग उपयोगी पडतो. नावाला बिचकून ही वाट सोडणे परवडणारे नाही.

खासगी तपासणी करायचीच असेल, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे आणि अहवालावर तो नोंदणी क्रमांक लिहून मागावा. परदेशी चाचण्यांच्या महागड्या संचाचा आग्रह कोणी धरल्यास हे लक्षात ठेवावे की आपल्याकडे ऑटिझमची टक्केवारी ठरवताना ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तिच्यात ४० प्रश्न असून ७० किंवा अधिक गुण ऑटिझमकडे निर्देश करतात.

आता प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. ‘स्वावलंबन’ या केंद्रीय पोर्टलवर आधार आणि छायाचित्रासह अर्ज करावा, रुग्णालय निवडावे आणि तेथील वैद्यकीय मंडळापुढे मुलाला न्यावे. त्यानंतर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, मिळते. या प्रक्रियेला शुल्क नाही, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. लहान वयात बहुधा तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, तेव्हा त्याची मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज करावा. ‘दिव्यांग’ हा शिक्का मुलाला लागेल म्हणून अनेक आईवडील ही पायरी टाळतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण पालकांनी स्वतः दाखवल्याखेरीज ते कार्ड शेजाऱ्यांना किंवा नातेवाईकांना दिसत नाही, आणि ते नसेल तर पुढची जवळजवळ प्रत्येक योजना बंद राहते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर पहिला अर्ज ‘निरामय’ आरोग्य विम्याचा करावा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. वर्षाला काहीशे रुपयांत एक लाखापर्यंत संरक्षण मिळते, त्यासाठी पूर्वतपासणी लागत नाही आणि वयाची अट नाही. हिचे खरे मोल असे की नेहमीच्या आरोग्य विम्यात सहसा न बसणारा बाह्यरुग्ण उपचारांचा व नियमित थेरपीचा खर्चही, प्रत्येक बाबीसाठी ठरलेल्या मर्यादेत, परत मिळतो. पैसे आधी आपण भरायचे असतात, म्हणून थेरपी केंद्राकडून दर महिन्याला शिक्क्याची मूळ पावती घ्यावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थेरपीचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. वहीच्या पानावर लिहिलेल्या पोचपावतीवर दावा मंजूर होत नाही. पॉलिसीचे वर्ष मार्चअखेर संपते. नोंदणी न्यासाशी संलग्न स्थानिक संस्थेमार्फत करणे सोपे जाते.

पगारदार आईवडिलांसाठी आयकराची सवलत हाच सर्वांत मोठा आधार ठरू शकतो. १९६१ च्या अधिनियमातील कलम ८०डीडीनुसार अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च याहून कमी असला तरी वजावट पूर्ण मिळते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीचा ७५,००० वरील कर उपकरासह २३,४०० रुपये वाचतो. साध्या शहरी थेरपी केंद्रात तेवढ्यात काही महिन्यांची सत्रे होतात. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि नवी प्रणाली आपोआप लागू होत असल्याने दोन्हींचा हिशेब मांडून मगच निवड करावी. ऑटिझमसाठी १०-आयए या नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने त्यानंतरच्या वर्षासाठी कलमांचे व नमुन्यांचे नवे क्रमांक कर सल्लागाराकडून पाहून घ्यावेत.

उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांनी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले, पण उत्पन्नमर्यादा इतकी कमी आहे की मध्यमवर्गीय घर तिच्यात बसत नाही. त्याहून कमी माहिती असलेली वाट म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेने स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी. तो अनेकदा मार्चपर्यंत पडून राहतो, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. सरकारी शाळेत समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकाबाबत गटसाधन केंद्रात विचारावे. थेरपीसाठी तालुक्याहून शहरात येणाऱ्यांना एसटीतील ७५ टक्के सवलतही कमी नाही.

एडीएचडी असलेल्यांची अडचण वेगळी आहे. २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे निव्वळ त्या निदानावर यूडीआयडी, निरामय किंवा ८०डीडी यांपैकी काहीच सहज मिळत नाही. मात्र एडीएचडीसोबत वाचन, लेखन किंवा गणितातील अध्ययन अक्षमता अनेक मुलांत आढळते; म्हणून आठ वर्षांपुढील मुलाची ती तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. ती आढळली आणि टक्केवारी पुरेशी भरली, तर प्रमाणपत्राचा मार्ग उघडतो. अन्यथा सरकारी रुग्णालयातील मनोविकार विभाग हाच स्वस्त आणि भरवशाचा पर्याय उरतो. प्रौढपणी प्रथमच तपासणी करू पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांनी कंपनीच्या सामूहिक विम्यात बाह्यरुग्ण सल्ल्याची तरतूद आहे का, हे मनुष्यबळ विभागाला विचारावे. कुठे जावे हेच कळत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक विनामूल्य आहे.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. थेरपी खाटेवर होत नसली तरी तेथील वैद्यकीय समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला दाखवल्यास तपासणी शुल्कात सूट मिळण्याची शक्यता असते. ऑनलाइन देणग्या मागण्याचा मार्ग मी शेवटी ठेवीन, कारण वर्षानुवर्षांचा खर्च एका आवाहनाने भागत नाही आणि मुलाचे छायाचित्र व निदान कायमचे सार्वजनिक होते. त्यापेक्षा थेरपिस्टकडे घरी करायच्या कृतींचा लेखी आराखडा मागावा आणि सत्रात स्वतः बसून त्या शिकून घ्याव्यात. असे करणाऱ्या घरांना अनेकदा आठवड्याला तीनऐवजी एक सत्र पुरते, मात्र ही घट थेरपिस्टच्या संमतीनेच करावी.