पिशवीतले रोप जमिनीत लावताना

आमच्या सोसायटीच्या आवारात सहा वर्षांपूर्वी लावलेला बहावा गेल्या पावसाळ्यात साध्याशा वाऱ्याने मुळासकट आडवा झाला. बुंध्याची माती झाडून पाहिली, तेव्हा रोपवाटिकेतल्या पिशवीच्या मापाचे मुळांचे वेटोळे जसेच्या तसे समोर आले. त्यातले एक जाड मूळ बुंध्याभोवती फिरून सालीत रुतले होते आणि वेटोळ्याबाहेर जमिनीत शिरलेली मुळे जेमतेम तीन होती. पाणी, खत, राखण, कशातच कसूर झालेली नव्हती. चूक लावण्याच्या दिवशीच झाली होती, म्हणून त्या एका दिवसाबद्दल आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांबद्दल येथे सविस्तर लिहीत आहे.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. लहान पिशवीत दहा फूट वाढलेल्या रोपापेक्षा चार फुटांचे, बुंध्याशी जाड असलेले रोप लवकर जम धरते. खोड धरून हलके हलवून पाहावे. खोड आणि माती एकत्र हलली तर मुळे ठीक आहेत. खोड मातीत नुसतेच डुलत असेल, किंवा पिशवीच्या भोकांतून जाड मुळे बाहेर येऊन जमिनीत गेली असतील, तर ते रोप घेऊ नये.

आपल्याकडे, विशेषतः पुण्याच्या परिसरात, बहुतेक पिशव्या चिकट लाल मातीने भरलेल्या असतात. ही हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, एकदा वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि वरून ओतलेले पाणी तिच्या कडेने निसटून जाते. भोवतीची काळी माती ओली असतानाही आतली मुळे कोरडीच राहतात. त्यासाठी लावण्यापूर्वी हुंडी पिशवीसकट पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे यायचे थांबल्यावरच बाहेर काढावी. पिशवी ओढून न काढता ब्लेडने उभी चिरावी.

‘हुंडी फुटू देऊ नका’ हा सल्ला आपण सगळे ऐकत आलो आहोत आणि कलमांच्या किंवा कोवळ्या रोपांच्या बाबतीत तो योग्यच आहे. मात्र वर्ष-दोन वर्षे पिशवीत राहिलेल्या वृक्षाच्या रोपाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. उष्ण हवामानाच्या फ्लोरिडा राज्यातील विद्यापीठात एडवर्ड गिलमन यांनी कुंडीत वाढलेल्या झाडांच्या मुळांवर अनेक वर्षे काम केले. हुंडीची साधारण इंचभर जाडीची बाहेरची कड, त्यातल्या गोल फिरलेल्या मुळांसकट, लावतानाच कापून टाकावी, ही शिफारस त्या कामातून पुढे आली. वळलेले मूळ जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाही. ते त्याच वळणात जाड होत जाते, तर कापलेल्या टोकामागून फुटणारी नवी मुळे बाहेरच्या दिशेने निघतात. धारदार चाकूने हुंडीच्या बाजू आणि तळ तासावा, मधला गाभा मात्र अखंड ठेवावा. हे काम पावसाळ्यातच, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करावे. मे महिन्यात मुळे कापलेले रोप तग धरणार नाही.

यानंतर खोड आणि पहिले जाड मूळ यांचा सांधा शोधावा. तो पुष्कळदा पिशवीतल्या वरच्या दोन-तीन इंच मातीखाली गाडलेला असतो. ती माती बोटांनी बाजूला करावी. लावून झाल्यावर हा सांधा भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित वर, बोट-दोन बोटे उंच राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर साल कायम ओली राहून कुजते आणि मुळांना हवा कमी पडते. माझ्या मते झाड लावण्याच्या सगळ्या कामात याहून महत्त्वाची गोष्ट नाही, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होते.

खड्ड्याचे माप जमिनीवरून ठरवावे. मुरमाड जमिनीत तीन फुटांचा खड्डा उन्हाळ्यातच घेऊन, निघालेल्या मातीनेच भरून, पहिल्या पावसात पूर्ण बसू द्यावा आणि मगच त्यात रोप लावावे. ताज्या भरलेल्या खड्ड्यात लावलेले रोप माती बसताना तिच्याबरोबर खाली जाते आणि आपण जपलेला सांधा गाडला जातो. भारी काळ्या जमिनीत खड्डा हुंडीएवढाच खोल, पण तिच्या दुप्पट-तिप्पट रुंद पुरतो. अशा जमिनीत खोल खड्डा करून तो भुसभुशीत माती-खताने भरला, तर पावसाळ्यात त्यात डबके साचते. खड्ड्याच्या कुदळीने गुळगुळीत झालेल्या भिंतीही खरवडून घ्याव्यात. शेणखत तळाशी न घालता वर पसरावे, आणि ते पूर्ण कुजलेलेच असावे, कारण कच्च्या शेणाबरोबर मुळे खाणारी हुमणी अळी येते.

पाणी पहिले काही आठवडे थेट हुंडीवर द्यावे. पावसाळा संपल्यावर आळे हळूहळू बाहेर सरकवत न्यावे, म्हणजे मुळेही बाहेर पसरतील. रोज तांब्याभर पाण्यापेक्षा चार-सहा दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी अधिक उपयोगी पडते. काळ्या जमिनीत वीतभर खोल ओल असेल तर पाणी थांबवावे. आळ्यात पालापाचोळ्याचा तीन इंच थर द्यावा, पण तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा. खोडाला टेकलेल्या ओल्या थराआड वाळवी चढलेली दिसत नाही. आवारातला पाला जाळण्यापेक्षा त्याचा हा उपयोग कितीतरी चांगला आहे.

बांबूचा आधार रोप स्वतः उभे राहू शकत नसेल तरच द्यावा. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसून आले, की घट्ट बांधलेली रोपे उंच वाढतात, पण त्यांचा बुंधा बारीक राहतो; वाऱ्याने हलणाऱ्या खोडाला जाडी येते. म्हणून सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन बांधावी आणि एका वर्षाच्या आत सोडावी. मी पाहिलेल्या अनेक झाडांच्या सालीत विसरलेली नायलॉनची दोरी रुतलेली होती.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बुंध्याजवळची माती एकदा हाताने उकरून पाहावी. एखादे मूळ बुंध्याला वळसा घालत असेल, तर ते बोटाएवढे जाड होण्याआधीच छाटावे. आवारात फरशी किंवा काँक्रीट होणार असेल, तर बुंध्याभोवती चारही बाजूंना निदान एक मीटर जमीन उघडी ठेवण्याची अट कामाच्या करारातच लिहून घ्यावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांसाठी हेच अंतर ठरवून दिले होते.