दुर्मिळ पक्षी दिसला? थांबा, आधी या चुका टाळा

हिवाळ्यात पहाटे साडेपाचला फोन वाजला की मला उघडून बघायचीही गरज पडत नाही. एक धुरकट फोटो असतो, पुढे तीन उद्गारचिन्हं आणि "मेगा रेअर! भिगवण! निघा!" असा हुकूम. वीसेक वर्षं पक्षी बघतोय. त्यातली निम्मी अशा निरोपांमागे धावण्यात गेली आणि उरलेली लोकांनी पाठवलेले फोटो बघून "अहो, हे पिल्लू आहे" असं सांगण्यात. आता सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पिल्लू ओळखता न येणं

ही माझी सर्वात लाडकी चूक, कारण तिच्यापायी माझी एक रजा गेली आहे.

डिसेंबरातला मंगळवार होता. ग्रुपवर फोटो आला: तपकिरी, जाडजूड, मान आखडून बसलेला बगळ्यासारखा पक्षी. खाली लिहिलेलं, "युरेशियन बिटर्न, कुंभारगाव." उजनीच्या फुगवट्यावर बिटर्न म्हणजे खरोखरच बातमी. ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं, मित्राला उचललं आणि पुण्याहून शंभर किलोमीटर गाडी हाणली. पोचलो तर काठावर आधीच नऊ गाड्या. लोक हातभर लांब लेन्स लावून होडीच्या रांगेत उभे. आमचा नंबर आला साडेदहाला.

नावाड्याने होडी थेट पाण्यात उभ्या असलेल्या एका बाभळीखाली नेली. मी म्हटलं, "अरे, लव्हाळ्यात चल ना, बिटर्न झाडावर कशाला बसेल?" तो म्हणाला, "सायेब, फोटूतला पक्षी ह्योच हाय." वर बघतो तर बाभळीवर सात-आठ रातबगळे दिवसाची झोप काढत बसलेले. काळी टोपी, करडे पंख, लाल डोळे. आणि त्यांच्या मध्ये, अगदी घरच्यासारखं, त्यांचं पोर. तपकिरी अंग, पंखांवर पाण्याचे थेंब पडावेत तसे पांढुरके ठिपके.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"रातबगळ्याचं पिल्लू की. पर सकाळधरनं मानसं याय लागली, मंग म्या कशाला बोलू?"

त्याचं काही चुकलं नाही. त्या सकाळी त्या काठावर पक्षी ओळखणारा माणूस तो एकच होता.

खरी गंमत पुढे. फोटो काढणाऱ्याकडे मूळ फाइल मागितली. तिच्यात बाभूळ दिसत होती, शेजारच्या मोठ्या रातबगळ्याची शेपटीही दिसत होती. पठ्ठ्याने पक्षी मोठा दिसावा म्हणून सगळं कापून टाकलं होतं. म्हणजे उत्तर फोटोत होतं आणि यानेच ते कात्रीने उडवलं. तेव्हापासून माझा नियम: कापलेल्या फोटोवर मत देत नाही. मूळ फोटो पाठवा, शक्य तर चार-पाच पाठवा, आणि वाईटातले वाईटही पाठवा. पाठमोरा, अर्धवट उडतानाचा, पाय दिसणारा. इन्स्टाग्रामवर टाकायच्या लायकीचा नसलेला फोटोच बहुतेक वेळा ओळख पटवतो.

बिटर्नच्या अंगावर असे सुटे ठिपके नसतात. सोनेरी-तपकिरी अंगावर काळ्या रेघांची बारीक नक्षी असते, डोकं काळं असतं, चोचीच्या बुडापासून गालावर काळी मिशी उतरते. हे सगळं पुस्तकात आहे. पण पुस्तक उघडायचं ते "हा बिटर्न आहे का?" म्हणून नव्हे. आधी "रातबगळ्याचं पिल्लू का नसेल?" हे विचारायचं. दुर्मिळ नाव सुचलं की मी मुद्दाम त्याच्या विरुद्ध वकिली करतो. वय काय? पिसं बदलण्याचा काळ आहे का? ऊन कुठून पडलंय? या तिन्हींतून पक्षी सुटला तरच पुढचं.

नवीन पोरं आली की मी त्यांना एक गृहपाठ देतो: घराजवळच्या ओढ्यावरची एक ढोकरी (पाणथळीतला छोटा बगळा) वर्षभर बघायची. हिवाळ्यात मळकट, रेघारेघांची. पावसाळा जवळ आला की पाठ तांबूस-जांभळी आणि डोकं पिवळसर. दर जूनमध्ये कोणीतरी मला तिचा फोटो "हा कोणता नवीन बगळा?" म्हणून पाठवतंच. गृहपाठ पुरा करणारं पोर दहांत एखादं. बाकीच्यांना पहिल्याच महिन्यात लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी) हवे असतात, मोठी लेन्स हवी असते, आणि ढोकरीचं नाव काढलं की कंटाळा येतो.

याच माळेतले आणखी मणी

पावशाला शिक्रा म्हणू नका. चोच बघा. शिकारी पक्ष्याची आकडी लपत नाही.

पांढरा कावळा, पांढरी साळुंकी, अर्धा पांढरा बुलबुल ही नवी जात नव्हे. पिसांतला रंग गेलाय, एवढंच.

सोसायटीच्या गच्चीवर निळा पोपट उतरला तर तो हजारो मैल उडून आलेला नसतो. शेजारच्या विंगमध्ये कोणाचा पिंजरा उघडा राहिलाय ते विचारून या. पायात कडी, झिजलेली शेपटी, माणसाची भीती नसणं, ही पिंजऱ्याची लक्षणं. असा पक्षी नोंदवायला हरकत नाही, फक्त "सुटलेला असावा" असं लिहा.

आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नोंद करताना यादीतलं पहिलं दिसेल ते नाव टिचकी मारून निवडू नका. साधी ढोकरी बघितलेला माणूस घाईत चायनीज पॉण्ड हेरॉन निवडतो, साधं हळदी-कुंकू बदक बघितलेला ईस्टर्न स्पॉट-बिल्ड डक निवडतो, आणि मग आपली नोंद का अडवली म्हणून कुरकुरतो.

"घरी गेल्यावर लिहू"

ही दुसरी मोठी चूक. हिचा बळी मी स्वतः आहे, आणि गुन्हेगारही.

जूनमध्ये दापोलीच्या बाजूला किनाऱ्यावर होतो. दोन दिवस नैऋत्येचा वारा झोडपत होता. तिसऱ्या सकाळी वाळूच्या कडेने एक सूटी टर्न आली: वरून काळीकुळकुळीत, खालून पांढरी, कपाळावर पांढरा पट्टा. पंधरा मिनिटं मनसोक्त बघितली, फोटोही काढले. यादी मात्र केली रात्री पुण्याला पोचल्यावर, जेवून, लोळत. ईबर्डवर ठिकाण निवडताना "सध्याचं ठिकाण" दाबलं आणि झोपलो.

सकाळी कोथरूडात सूटी टर्न.

लोक हसले असते तर परवडलं असतं. पण वादळी वाऱ्यात समुद्री पक्षी कधीकधी आत खोलवर येतात, त्यामुळे ही चूक पटण्यासारखी होती. दोघं बिचारे सकाळी सातला पाषाण तलावावर दुर्बीण घेऊन हजर. एकाने फोन करून विचारलं, "तुम्हाला नेमकी कुठल्या बाजूला दिसली?" मी म्हटलं, "दापोलीला." पलीकडे बराच वेळ शांतता.

ठिकाणाची चूक किती महाग पडते हे बघायचं तर आपल्या रानपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, कथा ऐका. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसनने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले, आणि त्यानंतर हा पक्षी कोणालाच सापडेना. मध्ये एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश कर्नलची, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवून शोध घेतले. सलीम अलींसारख्या माणसालाही तो मिळाला नाही. मिळणार कसा? अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा निघालं की तो नमुना म्हणजे ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी. पुन्हा पेंढा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला मिळाला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती आढळली आणि २०१४ मध्ये तो तानशातही दिसला.

त्या कर्नलने लबाडी केली, आपण आळस करतो. पण शंभर वर्षांनी नकाशा बघणाऱ्याला त्यातला फरक कळणार नाही.

माझी सवय आता अशी: पक्षी समोर असतानाच वहीत चार ओळी. वेळ, नेमकी जागा, अंतर, आणि *न दिसलेलं* काय. फोनवरची यादी तिथेच सुरू, तिथेच बंद. पाच ठिकाणी थांबलात तर पाच याद्या. दिवसभराची "पुणे ते भिगवण" अशी एकच खिचडी करू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्याला एकदा फोनशी ताडून बघा. बॅटरी संपली की काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते, आणि मग मे महिन्यात फ्लेमिंगोंबरोबर पट्टकादंब (हिवाळी पाहुणा हंस) दिसल्याचे पुरावे तयार होतात.

ॲपने सांगितलं म्हणून

मर्लिन मीही वापरतो. आवाज ऐकून ते नाव सुचवतं, तेव्हा मी त्या दिशेला मान वळवतो. एवढंच त्याचं काम. पण हल्ली मान न वळवताच यादी भरली जाते. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो, भृंगराज तर अर्ध्या जंगलाची. ताम्हिणीत एकदा एक गट झुडपाआड फोनवर कर्णा (मलबार ट्रोगन) या पक्ष्याचा आवाज वाजवत होता, आणि वळणापलीकडच्या दुसऱ्या गटाने तो आनंदाने यादीत टाकला. एका फोनने दुसऱ्या फोनला बघितलं, पक्षी कुठेच नव्हता. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याबद्दल मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर छापण्याजोगं उरणार नाही.

दुर्मिळ आवाज ऐकला असेल तर रेकॉर्डिंग जोडा. नसेल जोडता येत तर नोंद सोडा.

वादळानंतर किनाऱ्यावर

मे ते ऑगस्ट या काळात कोकणच्या किनाऱ्यावर मास्क्ड बूबी, नॉडी, फ्रिगेटबर्ड असे खोल समुद्रातले पक्षी थकून येऊन पडतात. ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते, अशी चक्रीवादळं येऊन गेली की हौशी मंडळी किनाऱ्यावर पळतात. पळा, पण वाळूत बसलेला पक्षी "समुद्राचा आहे" म्हणून उचलून लाटेत फेकू नका. हे मी डोळ्यांनी बघितलंय, टाळ्यांच्या गजरात. उडण्याची ताकद असती तर तो वाळूत बसलाच नसता. चोचीत पाणी ओतू नका, सेल्फी नको. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, अंधार, शांतता, आणि वनविभागाला १९२६ वर फोन. बूबी उचलायची वेळ आलीच तर तोंड लांब ठेवा. ती चोच थेट डोळ्यावर मारते.

मेलेला पक्षीही नोंद असते. उघड्या हाताने शिवू नका. शेजारी पेन ठेवून चोच, पाय आणि पंखाचे फोटो घ्या.

थोडक्यात, कारण चिडचिड होते

ईबर्डवरच्या इशाऱ्यात "अनकन्फर्म्ड" असं लिहिलेलं असतं. ते वाचा, मग पेट्रोल भरा.

गटातल्या चौघांना दिसला आणि तुम्ही तेव्हा पोहे खात होतात, तर तो तुम्हाला दिसलेला नाही.

घुबडाच्या ढोलीचं, तिबोटी खंड्याच्या घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका. काही नाजूक जातींची ठिकाणं ईबर्ड स्वतःहून झाकतं. तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाकत नाही. परवापर्यंत तिथे पन्नास माणसं आणि फांद्या तोडून केलेली "खिडकी" तयार असते.

आणि नोंदी तपासणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले तर "मला खोटं ठरवता?" म्हणून भांडू नका. ती माणसं बिनपगारी, रात्री जेवण उरकून हे काम करतात. माझी स्वतःची एक नोंद अजून अडकलेली आहे. सासवडच्या पुढच्या माळावरचा सोशिएबल लॅपविंग, फार दूर, दुपारच्या झळांमध्ये थरथरणारा, फोटो नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं की माळटिटवी नव्हती हे कशावरून. मी तणतणलो, दोन महिने कोणाशी धड बोललो नाही. सोशिएबल लॅपविंगचे पाय काळे, माळटिटवीचे पिवळे. पाय बघितले असते तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. मध्यंतरी जुनी वही सापडली, तिच्यात ते पान निघालं. डोकं, भुवई, पाठ, उडण्याची ढब, सगळं व्यवस्थित लिहिलंय. पायांच्या रंगापुढे माझ्याच अक्षरात दोन शब्द आहेत: "बघायचा राहिला."