फिटचं औषध बदलताना: नवं चढवायचं, जुनं उतरवायचं

मुलाचं फिटचं औषध बदलायचं ठरलं की चिठ्ठीवर सहसा दोनच ओळी येतात: नवं हळूहळू वाढवा, जुनं हळूहळू कमी करा. या दोन ओळी घरात पार पाडायला सहा ते दहा आठवडे लागतात. त्या काळात गोंधळ होतो तो बहुतेक वेळा मोजमापात, नाहीतर घाईत.

इथे एक नेहमीचं उदाहरण घेतलं आहे: सोडियम व्हॅल्प्रोएट बंद करून लेव्हेटिरासिटाम सुरू करणं. कारणं वेगवेगळी असतात. व्हॅल्प्रोएटने वजन फार वाढतं, केस गळतात, हात थरथरतात, कधी यकृताच्या तपासण्या बिघडतात. मुलगी वयात येत असेल तर कारण आणखी ठोस आहे: गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुमारे १० टक्के बाळांमध्ये जन्मजात व्यंग दिसतं आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून डॉक्टर हा विषय वेळेआधीच काढतात.

एक थांबवून दुसरं का सुरू करत नाहीत

जुनं औषध एकदम बंद केलं तर मेंदूवरचं संरक्षण एकाएकी निघून जातं. मग एकामागून एक फिट येतात, किंवा एकच फिट थांबता थांबत नाही. नव्याचा डोस पहिल्याच दिवशी पूर्ण दिला तर मूल गुंगतं, तोल जातो, आणि हे औषध सोसत नाही असं वाटून ते उगाच बंद पडतं. म्हणून आधी नवं कामाच्या डोसपर्यंत चढवायचं आणि मगच जुन्याला हात लावायचा. याला अपवाद असतात. जुन्याची अंगभर रिअॅक्शन आली किंवा यकृत बिघडलं तर जुनं लगेच थांबवावं लागतं, पण ते डॉक्टर ठरवतात, शक्यतो मुलाला दाखल करून.

मिली आणि मिग्रॅ

भारतात मिळणाऱ्या व्हॅल्प्रोएटच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २०० मिग्रॅ औषध असतं, म्हणजे १ मिलीत ४०. लेव्हेटिरासिटामच्या सिरपमध्ये १ मिलीत १००. दोन बाटल्या फडताळात शेजारी उभ्या असतात, हाताला दोन वर्षं ‘पाच मिली’ची सवय झालेली असते, आणि नवं औषधही पाच मिली भरलं जातं. जुन्याचे पाच मिली म्हणजे २०० मिग्रॅ, नव्याचे पाच मिली म्हणजे ५०० मिग्रॅ. पहिल्या आठवड्यात मूल दिवसभर झोपून आहे अशी तक्रार आली की सर्वांत आधी हेच तपासायचं.

त्यासाठी तीन कामं. प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरात दोन्ही आकडे लिहा, मिग्रॅही आणि मिलीही. दोन बाटल्यांसाठी दोन वेगळ्या सिरिंज ठेवा आणि एकीच्या दट्ट्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. चहाचा चमचा वापरू नका. घरोघरचे चमचे सारख्या मापाचे नसतात. सिरिंज भरल्यावर बुडबुडा वर आणून बाहेर काढा. तो राहिला तर तेवढं औषध कमी जातं. इंजेक्शनची सिरिंज वापरत असाल तर सुई आणि तिची टोपी दोन्ही आधीच फेकून द्या, लहानगी टोपी घशात अडकू शकते.

आता २० किलो वजनाच्या मुलाचा तक्ता पाहा. मूल व्हॅल्प्रोएट सकाळी ५ आणि रात्री ५ मिली घेतंय, म्हणजे दिवसाला ४०० मिग्रॅ. तुमच्या चिठ्ठीतले आकडे वेगळे असतील, आणि चिठ्ठीतलेच पाळायचे. हा तक्ता फक्त पायऱ्या कशा असतात ते कळण्यासाठी.

आठवडा १: नवं १ मिली दोनदा, जुनं आहे तसंच.
आठवडा २: नवं २ मिली दोनदा, जुनं तसंच.
आठवडा ३: नवं ३ मिली दोनदा, म्हणजे दिवसाला ६०० मिग्रॅ, किलोमागे ३०; जुनं तसंच.
आठवडा ४: नवं ३ मिली दोनदा, जुनं सकाळी २.५, रात्री ५.
आठवडा ५: जुनं सकाळी २.५, रात्री २.५.
आठवडा ६: जुनं फक्त रात्री २.५.
आठवडा ७: जुनं बंद.

फिट सहज येणाऱ्या मुलात उतरणीची प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची करतात. फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम उतरवायचं असेल तर हिशेब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा. या औषधांची शरीराला इतकी सवय होते की थोडं जास्त उतरवलं तरी फिट, बेचैनी आणि जागरण सुरू होतं. तक्ता फ्रिजच्या दारावर लावा आणि डोस दिला की लगेच खूण करा. आई आणि आजी दोघींनी दिला, किंवा दोघींनीही दिला नाही, हे कितीतरी घरांत होतं.

सुरू करण्याआधीचे सात दिवस

नवं औषध सुरू व्हायच्या आधी एक आठवडा वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती तास झोपलं, किती जेवलं, किती वेळा चिडलं किंवा रडलं, आणि फिट आली का, आली तर किती वाजता, किती वेळ, कोणत्या बाजूने सुरू झाली. ही वही नसेल तर महिन्याभराने ‘आधी असं नव्हतं’ एवढंच सांगता येतं आणि डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. फिटचा मोबाईलवर घेतलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ शंभर शब्दांपेक्षा कामाचा, फक्त मुलाजवळ दुसरं कोणी असेल तरच काढा.

या काळात दुसरा कुठलाही बदल टाळा. नवं टॉनिक, नवी आयुर्वेदिक पुडी, शाळेची वेळ बदलणं, सगळं पुढे ढकला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कोणाचा हे शोधता येत नाही.

लेव्हेटिरासिटामचा स्वभाव

हे औषध यकृताला फारसा त्रास देत नाही, इतर औषधांशी फार भांडत नाही. त्याची अडचण वेगळी आहे: मुलाचा स्वभाव बदलतो. शांत मूल डब्यात नको ती भाजी दिसली म्हणून डबा भिरकावतं, धाकट्याला ओरबाडतं, ‘चल, अभ्यासाला बस’ म्हटल्यावर अर्धा तास रडतं. पाचवीतली मुलगी कधी उलट करते, गप्प बसते, खेळायला जात नाही. ही चिन्हं बहुधा पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर दिसतात. ‘हल्ली लाडावलाय’ म्हणून त्याला मारलं जातं, आणि दोष मात्र त्याचा नसतो.

वही इथे कामाला येते. आधीच्या आठवड्यात दिवसाला एकदा चिडायचा आणि आता पाच वेळा चिडतो, तर डॉक्टरांना फोन करा. ते चढवण्याची गती कमी करतात, डोस थोडा उतरवतात किंवा औषध बदलतात. काही जण ब-६ जीवनसत्त्वही देतात; काही मुलांना त्याने बरं वाटतं, सगळ्यांना नाही, आणि ते मनाने सुरू करू नये. मुलगा किंवा मुलगी ‘मला मरायचंय’ असं बोलली किंवा स्वतःला इजा करू लागली तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

पहिल्या दहा-बारा दिवसांतली झोप आणि मरगळ बहुधा ओसरते. पण मूल जेवायलाही उठत नसेल तर आधी सिरिंजवरचे मिली पुन्हा पाहा.

नवं औषध लॅमोट्रिजिन असेल तर

वरचा तक्ता इथे विसरा. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्यामुळे त्याची सुरुवात अगदी थेंबभर असते: किलोमागे दिवसाला ०.१५ मिग्रॅ दोन आठवडे, मग ०.३ मिग्रॅ दोन आठवडे. २० किलोच्या मुलाला पहिले दोन आठवडे दिवसाला फक्त ३ मिग्रॅ. २५ मिग्रॅच्या गोळीचे आठ तुकडे करून एवढा डोस काढणं बरोबर नाही. पाण्यात विरघळणारी कमी ताकदीची गोळी मिळते का, हे औषध सुरू करण्याआधीच केमिस्टकडे विचारून ठेवा. घाईने वाढवलं की धोका वाढतो तो त्वचेवरच्या पुरळाचा, आणि त्यातला एक प्रकार जीवघेणा असतो. तो बहुतेक वेळा पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत येतो.

एप्रिल-मे महिन्यात घामोळं आणि हे पुरळ यांत गल्लत होते. घामोळं मानेवर, पाठीवर, कपड्याखाली येतं, खाजतं आणि थंड पाण्याने कमी होतं. पुरळासोबत ताप, लाल डोळे, ओठांवर किंवा तोंडात फोड, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी, यांपैकी एक जरी असेल तर पुढचा डोस द्यायच्या आधीच डॉक्टरांना फोन करा आणि दवाखान्यात निघा. रोज रात्री टॉर्च लावून तोंडाच्या आत आणि अंग उघडं करून छाती पाहण्याची सवय पहिले दोन महिने ठेवा.

पुढे व्हॅल्प्रोएट उतरवलं की लॅमोट्रिजिन वेगाने बाहेर पडू लागतं आणि त्याची पातळी घसरते. त्या टप्प्यावर फिट आली तर नवं औषध फसलं असं नाही, डोस वाढवायचा राहिलेला असू शकतो. आणि सलग काही दिवस लॅमोट्रिजिन चुकलं तर जुन्या डोसवर उडी मारू नका. बहुधा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

उतरणीवर फिट आली तर

जुनं उतरवताना एखादी फिट येऊ शकते. आधी ताप, जुलाब, जागरण, चुकलेला डोस यांतलं काही झालं का ते लिहून ठेवा. मनाने जुनं परत चालू करू नका, डॉक्टरांना कळवा.

मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे. डोस सहसा किलोमागे ०.२ मिग्रॅ, म्हणजे २० किलोला ४ मिग्रॅ. स्प्रे दोन ताकदींचे मिळतात: एका फवाऱ्याला ०.५ मिग्रॅ, तर आठ फवारे, चार एका नाकपुडीत आणि चार दुसरीत, १.२५ मिग्रॅचा असेल तर तीन. किती फवारे हे बाटलीवर आजच लिहून ठेवा. झटके चालू असताना गुणाकार जमत नाही. श्वास उथळ वाटला, किंवा स्प्रेनंतरही फिट थांबली नाही, तर १०८ ला फोन. शाळेच्या बाईंकडेही एक स्प्रे आणि एका पानाची सूचना असावी.

दुसऱ्या आजारांची औषधं

दुसरा डॉक्टर औषध देत असेल तेव्हा मुलाची फिटची औषधं आधी सांगा. व्हॅल्प्रोएट चालू असताना मेरोपेनेम हे इस्पितळातलं अँटिबायोटिक दिलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. कार्बामॅझेपिनवर असलेल्या मुलाला एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की उलटं होतं, पातळी वाढते आणि मूल दुहेरी दिसतं म्हणतं, अडखळतं. टीबीच्या रिफाम्पिसिनने लॅमोट्रिजिन कमी पडतं.

व्हॅल्प्रोएट चालू असेपर्यंत वारंवार उलट्या, पोटात दुखणं, सुस्ती किंवा पिवळे डोळे दिसले तर त्याच दिवशी तपासणी, कारण यकृत आणि स्वादुपिंड दोन्ही बिघडू शकतात. रक्तातली पातळी मागितली तर सकाळचा डोस द्यायच्या आधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा. त्यानंतर झाली तर नाही. दिवसातून दोनदा दिलेला डोस चुकला आणि चार तासांच्या आत आठवला तर द्या, नंतर आठवला तर पुढच्या वेळेलाच, दुप्पट कधीही नाही. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना दोन आठवड्यांचं औषध जास्त घ्या, कारण लहान गावात तुमच्याच कंपनीचं सिरप मिळेलच असं नाही.

शेवटचा डोस झाला की जुनी बाटली फडताळातून काढून टाका. ती तिथे राहिली तर एखाद्या घाईच्या सकाळी परत हातात येते. आणि कुठल्या औषधाने पुरळ आलं असेल तर त्याचं नाव मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.