हेलमंडवर प्रबंध लिहायचा असेल तर

आंतरराष्ट्रीय संबंधात एमए करणारं कुणी ना कुणी विचारतंच, 'अफगाणिस्तानवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?' अख्खा देश नको, एक प्रांत घे. मी हेलमंड घेतला आणि सगळं काम पुण्यात बसून केलं. तिकडे जाणं परवडणारं नव्हतं आणि घरचे पाठवणारही नव्हते.

'सरकार विरुद्ध तालिबान' ही चौकट आधी बाजूला ठेव. शेर मोहम्मद अखुंदजादा हा २००१ नंतरचा तिथला गव्हर्नर. २००५ मध्ये त्याच्या आवारात ९ टन अफू सापडली. (जप्त केलेला माल, असं त्याचं म्हणणं!) ब्रिटिश फौज यायच्या आधी ब्रिटिशांनी हट्ट धरून त्याला हटवायला लावलं. भ्रष्ट माणूस गेला म्हणजे आता घडी बसेल, असं वाचताना वाटतं. पण २००६ मध्ये सांगिन, मुसा कला, नवजाद या हेलमंडच्याच जिल्ह्यांत लढाई पेटली. पगार द्यायला पैसे उरले नाहीत म्हणून आपली ३,००० माणसं तालिबानकडे गेली, असं पुढे त्यानेच सांगितलं. हे अर्थात त्याच्या सोयीचं. तो गादीवर असतानाच सांगिनच्या इशाकझाई जमातीच्या लोकांना इतकं नाडलं गेलं होतं की त्यांतले कितीतरी तालिबानच्या आसऱ्याला गेले. माझा प्रबंध या दोन गोष्टींच्या मधेच घुटमळतो.

म्हणून वाचताना विचारधारेपेक्षा पगार कोण देतो, चौकी कुणाची, कालव्याचं पाणी कुणाच्या हातात, हे शोध. अमेरिकेच्या तिथल्या पुनर्बांधणी खर्चावर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या 'सिगार' या अमेरिकी सरकारी संस्थेचे अहवाल आणि संयुक्त राष्ट्रांची अफू पाहणी फुकट मिळतात. 'सिगार' रुक्ष आहे, तरी चाळ. अफगाण फौजेतल्या कागदावरच्या सैनिकांचं प्रकरण त्यात सापडेल: नावं यादीत, पगार वरच्यांच्या खिशात, चौकी रिकामी. रोजगार हमीच्या बोगस हजेरीपटांच्या बातम्या वाचत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हेलमंडची राजधानी लष्करगाह १३ ऑगस्ट २०२१ ला तालिबानच्या हाती पडलं, तेव्हा या याद्या आठवल्या.

तालिबानने २०२२ मध्ये घातलेल्या बंदीनंतर अफूची लागवड कोसळली. या घसरणीला स्थैर्य म्हणायचं की धाक, यावर एक प्रकरण सहज होईल.

तोंडी परीक्षेत 'न जाता तुम्हाला कसं कळलं?' हा प्रश्न येतोच. प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी, कुणाच्या पैशावर, कोणत्या साली लिहिली ते टिपत जा. पश्तो येत नसेल तर तसं प्रस्तावनेतच लिहून मोकळा हो.